गावात जायचं नाही

माझ्या धाकट्या भावाला पोलीस कोठडीतून परभणीच्या जेलमध्ये पाठवायचा हुकूम झाला, तेव्हा कोर्टाच्या आवारात दोन माणसांनी मला "चांगलं झालं" म्हटलं. एक आमचे वकीलसाहेब. दुसरा चहाच्या टपरीवाला. चार दिवसांत आमची केस त्याला माझ्याइतकीच पाठ झाली होती. मी हिंगोलीत एका सरकारी दवाखान्याच्या औषध भांडारात काम करते. कुठलं औषध कधी आलं, कुठल्या कपाटात आहे, मुदत कधी संपते, हे सगळं माझ्या वहीत असतं. घरचंही तसंच. त्या दिवशी मी वहीत लिहिलं, "जेल. चांगलं?" माझ्या वहीत प्रश्नचिन्ह सहसा नसतं.

वकीलसाहेबांनी समजावून सांगितलं. पीसीआर म्हणजे पोलिसांच्या ताब्यात, एमसीआर म्हणजे कोर्टाच्या ताब्यात. एमसीआर झाला म्हणजे पोलिसांचं विचारून झालं असं धरायचं, आणि मग जामिनाच्या अर्जात जीव येतो. म्हणजे सुटायची वाट जेलातून जाते. मला ते कळलं, आणि पायऱ्या उतरेपर्यंत पुन्हा कळेनासं झालं.

भाऊ विहिरीतल्या मोटारी काढतो, वाइंडिंग करून पुन्हा बसवतो. कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या तांड्यावर राहतो. आई, त्याची बायको आणि शाळेत जाणारी मुलगी त्याच्याजवळ असतात. पणजोबांच्या काळी आमची माणसं बैलांवर धान्य लादून फिरायची. आता तांड्यावर सगळी हळद आणि सोयाबीन आहे. तांड्यापासून दीड-दोन मैलांवर गाव आहे. त्या गावातल्या एका शेतकऱ्याची मोटार आठ दिवसांत दोनदा जळाली. शेतकरी म्हणाला काम कच्चं केलं, भाऊ म्हणाला स्टार्टर खराब आहे. विहिरीच्या काठावर बोलाचाली झाली. भावाच्या हातात मोठा पाईप पाना होता. शेतकऱ्याचा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडला.

मारलं का, हे मी भावाला एकदाच विचारलं. कोर्टात आणलं होतं तेव्हा, बाकावर बसून. तो म्हणाला, "पाना माझ्या हातात होता, बाई. हात त्याचा मोडला. मधलं मला नीट आठवत न्हाई." आमच्यात थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. मी पुन्हा विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला ऐकायचं नव्हतं.

खालच्या कोर्टानं जामीन नाकारला. वरच्या कोर्टात अर्ज टाकायचा ठरला, तेव्हा मी एक फाईल तयार केली. भावानं कुणाकुणाच्या मोटारी उधारीवर दुरुस्त केल्या त्याची यादी, शाळेचं वर्तणुकीचं प्रमाणपत्र, तांड्यावरच्या लोकांच्या सह्यांचं पत्र, आणि त्या स्टार्टरचा फोटो. वकीलसाहेबांनी फाईल चाळली, रेशन कार्ड आणि आधार तेवढं बाजूला काढलं, बाकी माझ्याकडे सरकवलं.

"मॅडम, यानं मारलं का नाही हा प्रश्न आत्ता नाहीच."

"मग कोणता आहे?"

"हा पळून जाईल का. साक्षीदारांना दम देईल का. तपासासाठी अजून आत पाहिजे का. मारलं का नाही ते केस चालेल तेव्हा."

"म्हणजे ज्यानं काही केलं नाही तो आत, आणि ज्यानं केलं तो बाहेर, असं होऊ शकतं?"

"होऊ शकतं," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढची फाईल उघडली.

मग तारखा सुरू झाल्या. पहिल्या तारखेला 'से' आला नव्हता. दुसऱ्याही तारखेला 'से' आला नाही. मला वाटलं एखाद्या साहेबाला सगळे से म्हणतात. शेवटी टपरीवाल्यानंच सांगितलं की से म्हणजे सरकारी बाजूचं म्हणणं. ते लेखी आल्याशिवाय कोर्ट ऐकत नाही. मी वहीत 'से' खोडून 'म्हणणं' लिहिलं. तिसऱ्या तारखेला म्हणणं आलं. पान-दीड पानाचं होतं. त्यात आरोपी दांडगट आहे आणि सुटला तर जखमीवर दबाव आणेल असं लिहिलं होतं. मला भाऊ तिसरीत असताना कुत्र्याला भिऊन झाडावर चढला होता ते आठवलं. पण तेही या प्रश्नात बसत नव्हतं.

माझ्या डोक्यात होतं की यात काहीतरी नियम असणार. दवाखान्यात कुठलं औषध कुणाला द्यायचं याचा तक्ता भिंतीवर असतो. म्हणून त्या दिवशी कोर्टाच्या बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या यादीत, जामिनाचे जेवढे अर्ज होते, ते मी वहीत रकाने पाडून उतरवले. काय केलं, किती दिवस आत, घर आहे का, निकाल. मोबाईल चोरणाऱ्या एका पोरग्याला नाही म्हटलं. त्याच्याहून मोठ्या भानगडीतल्या माणसाला हो म्हटलं. एकाच भांडणातल्या दोन भावांपैकी एकाला दिला, एकाला नाही. रकाने भरले, नियम सापडला नाही. वकीलसाहेबांना दाखवलं तर त्यांनी बरंच कौतुक केलं आणि म्हणाले, तुम्हाला बाहेरून दिसलं तेवढं तुम्ही लिहिलं. तपासाची डायरी कोर्टासमोर असते, ती आपल्याला दिसत नाही. म्हणजे माझ्या तक्त्यात एक रकाना कायमचा रिकामा होता, आणि बाकीचं सगळं त्याच्यावर अवलंबून होतं.

आमचा पुकारा झाला. सात-आठ मिनिटं लागली असतील. सरकारी वकिलांनी जखमीचा एक्स-रे दाखवला. आमच्या वकीलसाहेबांनी सांगितलं की घरी म्हातारी आई आहे, घरदार आहे, पाना पोलिसांनी जप्त केला आहे, आता आत ठेवून काय साधणार. न्यायाधीशांनी दोन प्रश्न विचारले आणि जामीन मंजूर केला, अटींवर.

आदेश इंग्रजीत होता. वकीलसाहेब व्हरांड्यात उभ्यानं मराठीत सांगत गेले आणि मी लिहीत गेले. दर तारखेला हजर राहायचं. दर सोमवारी पोलीस ठाण्यात जाऊन सही करायची. जखमीशी, साक्षीदारांशी बोलायचं नाही. पत्ता आणि मोबाईल नंबर पोलिसांना द्यायचा. आणि चार्जशीट येईपर्यंत गावात जायचं नाही, कारण जखमी आणि साक्षीदार सगळे गावात राहतात. घरी येऊन मी ते एका कागदावर ठळक अक्षरात काढलं, लॅमिनेशन केलं आणि एक प्रत भावासाठी ठेवली. पाचव्या नंबरावर लिहिलं होतं, "गावात जायचं नाही." लिहिताना माझा हात कुठेही अडला नाही.

जामीनदार म्हणून तांड्याचे नाईक आले. तांड्याचा कारभार त्यांच्याकडे, सत्तरीचे, स्वच्छ फेटा बांधून आलेले. न्यायाधीशांनी विचारलं की आरोपी तुमचा कोण लागतो. नाईक म्हणाले, "त्याची आजी माझ्या आत्याची नणंद, साहेब." साहेब म्हणाले, म्हणजे नातेवाईक. नाईक म्हणाले, "नातं तसं न्हाई, पर लेकरू आमचंच हाय." मग साहेबांनी विचारलं की तो तारखेला हजर राहील याची जबाबदारी तुम्ही घेता का. इथं फक्त "हो" म्हणायचं असतं. मी त्यांना सकाळपासून तीनदा सांगितलं होतं. नाईक गप्प झाले. दुसऱ्या माणसाच्या वतीनं बोलायचं म्हणजे त्यांना विचार करावा लागतो. वकीलसाहेब खाकरले. नाईक म्हणाले, "जिता असला तर आणतो, साहेब." साहेबांनी खाली बघून सही केली. मला वाटतं ते हसले, पण खात्री नाही.

भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी सुटला. मी गाडी ठरवूनच नेली होती. आमच्या तांड्यावर जायचा सरळ रस्ता गावातून, एसटीच्या थांब्यावरून जातो. मी ड्रायव्हरला आधीच बजावलं होतं की गावात शिरायचं नाही, कॅनॉलच्या कच्च्या रस्त्यानं घे. गाडीचा पाटा दोनदा घासला, ड्रायव्हर कुरकुरला, पण आम्ही गावाला वळसा घालून थेट तांड्यावर गेलो. आईनं दारात गूळ वाटला. मी तो लॅमिनेशन केलेला कागद भिंतीवर खिळ्याला अडकवला आणि समाधानानं हिंगोलीला परत आले.

त्यानंतर तीन आठवडे भावानं कागदाबरहुकूम काढले. गावातल्या दुकानातून साखरसुद्धा मुलीकडून आणवली. दळण दुसऱ्या गावच्या गिरणीत. केस कापायला कळमनुरी. सोमवारी ठाण्यात जायचं तर गावातल्या थांब्यावर एसटी मिळते, पण तो कॅनॉलच्या रस्त्यानं चालत पलीकडच्या सडकेला जायचा आणि तिथून वाहन धरायचा. ठाण्यात हवालदार विचारायचे, कुठं राहून राहिला? हा सांगायचा, तांड्यावर. ते लिहून घ्यायचे. मला दर सोमवारी फोन यायचा, "झाली सही, बाई." मी वहीत बरोबरची खूण करायची.

चौथ्या आठवड्यात नोटीस आली. जखमीनं अर्ज केला होता आणि सरकार पक्षानं तो उचलून धरला होता. आरोपीनं अट मोडली, तो गावात राजरोस राहतो, जामीन रद्द करून त्याला पुन्हा ताब्यात घ्यावं. मी ती नोटीस फोनवर भावाकडून दोनदा वाचून घेतली. तो इतका चिडला होता की वाचताना अडखळत होता. "मी गावात पाय ठेवला न्हाई. गावचं पाणी सुदिक पिलो न्हाई. खोटं काहून लिहून राहिले हे?" मलाही तसंच वाटलं. मी नव्या पानावर मुद्दे काढले: दळण, साखर, केस, कॅनॉलचा रस्ता. प्रत्येकाला साक्षीदार होता. पान घेऊन मी वकीलसाहेबांकडे गेले आणि पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात केली.

ते मध्येच म्हणाले, "थांबा. सुटल्यावर तुम्ही त्याला कुठं सोडलं?"

"तांड्यावर. घरी."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग त्यांनी विचारलं, "तांडा कुठल्या गावात येतो, मॅडम?"

मी गावाचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

आमच्या तांड्यावर कुणी "मी गावात जाऊन येतो" म्हणतं, म्हणजे ते दीड-दोन मैल चालून जातात. गाव तिकडे, तांडा इकडे. लहानपणी मी हजारदा असं बोलले असेन. आणि लहानपणापासूनच, शाळेच्या दाखल्यापासून नोकरीच्या सेवापुस्तकापर्यंत, 'गाव' या रकान्यात मी न चुकता त्याच गावाचं नाव लिहिलं आहे. दोन्ही गोष्टी माझ्याच होत्या, आणि त्या कधी एकमेकींसमोर आल्या नव्हत्या. भावाच्या रेशन कार्डावरही तेच गाव होतं. ते कार्ड वकीलसाहेबांनी माझ्याच फाईलीतून काढून, याला घरदार आहे म्हणून, कोर्टापुढे ठेवलं होतं.

"मला वाटलं तुम्ही त्याला तुमच्याकडे ठेवणार," ते म्हणाले.

"तुम्ही सांगितलं नाही."

"गावात जायचं नाही, सांगितलं की."



जामीन रद्द झाला तर त्याच दिवशी, कोर्टातूनच, त्याला परत नेतील, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणि एकदा अट मोडून रद्द झालेला जामीन पुन्हा मिळणं अवघड. मी घरी जाऊन कागद उपसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे एक जुनं पत्र ठेवलं. तांड्यावर नळ मागितला होता तेव्हा आलेलं उत्तर होतं ते: योजना गावासाठी मंजूर आहे, तांडा गावापासून दूर असल्यानं त्यात घेता येत नाही. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. मला तो बिनतोड पुरावा वाटत होता. वकीलसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, पत्र सुंदर आहे, पण हे नळाचं आहे. नळासाठी बाहेर असणारा तांडा जामिनासाठी आत असू शकतो. मी विचारलं, कसा? ते म्हणाले, कायद्यात असू शकतो. मी ते पत्र पुन्हा त्याच क्रमानं फाईलीत लावलं, कारण दुसरं काय करावं ते कळेना.

त्यांच्या मते दोन वाटा होत्या. चूक झाली म्हणून सरळ माफी मागायची, किंवा अट समजली नाही असं सांगायचं. दुसरी वाट धोक्याची होती; समजलं नाही असं म्हणणाऱ्यावर कोर्ट सहसा विश्वास ठेवत नाही. मी म्हटलं, चूक त्याची नाहीच, माझी आहे. कागद मी लिहिला. शेवटी मी प्रतिज्ञापत्र करायचं आणि सोबत तो लॅमिनेशनचा कागद लावायचा असं ठरलं.

तारखेला आई हट्टानं आली. व्हरांड्यात एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला तो शेतकरी, हात अजून झोळीत, सोबत त्याचा पुतण्या आणि गावचे दोघं-तिघं. नजरेला नजर द्यायची नाही हे मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पण पुतण्या आम्हाला ऐकू जाईल असं बोलला, "तांडा गावात न्हाई म्हणून राहिले. मतदानाला तर गावातच येतात."

आई म्हणाली, "तुमीच जीप घेऊन न्यायला येता म्हणून येतो."

तिकडचा एक जण हसला आणि पुतण्यानं त्याच्याकडे रागानं बघितलं. शेतकरी हसला नाही. तो आईला म्हणाला, पण आवाज चढवून नाही, "मावशी, मला भांडायचं न्हाई. तुमचं पोरगं दर सोमवारी माझ्या बांधावरून जाऊन राहिलं. मी एक हाताचा माणूस शेतात एकटा असतो. मला भ्या वाटतं."

मला आधी काहीच कळलं नाही. मग कॅनॉलचा रस्ता डोळ्यांपुढे आला. गाव टाळून पलीकडच्या सडकेला जायचं तर तो रस्ता त्याच्याच शेताला लागून जातो. ज्या विहिरीवर भांडण झालं ती विहीर तिथून दिसते. मी त्या दिवशी गाडीतून गेले तेव्हा पाट्याचा आवाज ऐकत होते, विहीर बघितली नव्हती. गावातून गेला असता तर भाऊ चार लोकांत दिसला असता आणि निघून गेला असता. मी त्याला नेमका ह्या माणसाच्या बांधावर पाठवलं होतं, दर आठवड्याला, आणि वहीत बरोबरची खूण करत होते.

पुकारा झाला. दाराशी दोन पोलीस येऊन उभे राहिले. भावानं ते बघितलं आणि खिशातला मोबाईल काढून माझ्या हातात दिला.

सरकारी वकिलांनी रेशन कार्ड वाचून दाखवलं, आधार वाचून दाखवलं, मतदार यादी वाचून दाखवली. सगळीकडे तेच गाव. त्यात खोटं काही नव्हतं. मग आमच्या वकीलसाहेबांनी तो कागद पुढे केला. न्यायाधीशांनी तो उजेडाकडे धरला, कारण प्लास्टिक चमकत होतं.

"हे कोणी लिहिलं?"

मी उभी राहिले. त्यांनी मी काय करते ते विचारलं. मी सांगितलं.

"म्हणजे सरकारी नोकरीत आहात. महसुली गाव म्हणजे वाड्या-तांडे धरून, तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे, साहेब."

"मग?"

मी उत्तर तयार करून नेलं होतं, तीन मुद्द्यांचं. त्यातला एकही आठवेना. मी म्हणाले, "लिहिताना ते डोक्यात आलंच नाही, साहेब. आम्ही घरात असंच बोलतो."

त्यांनी मला बसायला सांगितलं आणि भावाकडे वळले. "तुम्हाला काय वाटलं, गाव म्हणजे कुठं?"

"गाव म्हंजे गाव, साहेब. आमी तांड्यावर राहतो."

"आणि तांडा कोणत्या गावात आहे?"

भावानं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तो म्हणाला, "ते कधी कोणी सांगितलं न्हाई, साहेब."

न्यायाधीशांनी पोलीस ठाण्याचं हजेरीचं रजिस्टर मागवलं होतं. त्यांनी ते स्वतः उलटलं. चार सोमवार, चार सह्या, आणि चारही ठिकाणी 'राहणार तांडा'. त्यांनी तपास अधिकाऱ्याला विचारलं की हा दर आठवड्याला इथं राहतो म्हणून सांगत होता, मग तेव्हा कुणी हरकत का घेतली नाही. अधिकारी काहीतरी म्हणाले, मला ऐकू आलं नाही. मग साहेब बराच वेळ लिहीत राहिले. पंख्याचा आवाज येत होता. ते लिहीत होते ते माझ्या भावाचं होतं, आणि मला त्यांच्या पेनाकडे बघून काहीही ओळखता येत नव्हतं.

जामीन रद्द झाला नाही. लपवायचं असतं तर त्यानं स्वतः पत्ता सांगितला नसता, असं त्यांनी म्हटलं. पण जखमीची भीती खरी आहे असंही म्हटलं. यापुढे गाव म्हणजे तांडा आणि सगळं शिवार धरून. आरोपीनं आजच तिथून हलावं आणि बहिणीच्या हिंगोलीच्या पत्त्यावर राहावं. दाराशी उभे असलेले पोलीस निघून गेले. भावानं माझ्याकडून मोबाईल परत घेतला.

आईनं बाहेर आल्यावर विचारलं की हा घरी येतो ना. मी नाही म्हटलं. मग याला सोडलं का धरलं, असं ती विचारत राहिली. मी म्हटलं, सोडलं. ती एकटीच एसटीनं तांड्यावर गेली.

भाऊ माझ्या घरी, पुढच्या खोलीत राहू लागला. घरातले सगळे नळ, मिक्सर, शेजाऱ्यांचा कूलर त्यानं पंधरा दिवसांत दुरुस्त केले. तांड्यावर हळद काढणीला आली होती. त्याची बायको आणि आई मजूर लावून काढत होत्या. तो फोनवरून सांगायचा, कढई कुणाकडून आणायची, कुठल्या वाफ्यातली आधी शिजवायची. फोन ठेवला की खिडकीशी बसायचा. मुलगी रविवारी यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं जायची.

मग एका दिवशी वकीलसाहेबांचा फोन आला. चार्जशीट दाखल झाली होती. अट चार्जशीट येईपर्यंतच होती, तेव्हा आता संपली, त्याला घरी पाठवायला हरकत नाही. मी ते भावाला सांगायच्या आत त्यानं ऐकलं होतं. तो आत गेला आणि पिशवी भरू लागला.

मी कपाटातून दोन्ही आदेश काढले. पहिल्यात 'चार्जशीट येईपर्यंत' असं लिहिलं होतं. दुसऱ्यात, म्हणजे तांडा आणि शिवार घातलेल्या आदेशात, तसं कुठंच लिहिलं नव्हतं. नुसतं 'यापुढे'. मी वकीलसाहेबांना परत फोन लावला. ते म्हणाले, दुसरा आदेश पहिल्याचाच खुलासा आहे, मुदत पहिलीच धरायची. मी विचारलं, तसं लिहिलंय का? ते म्हणाले, लिहायची गरज नसते. मी विचारलं, मागच्या वेळी गावाबद्दलही गरज नव्हती ना? त्यावर ते म्हणाले, तुम्हाला एवढी शंका असेल तर अर्ज टाकू, कोर्टाकडून लेखी घेऊ. त्याला किती दिवस? सरकारी बाजूचं म्हणणं यायला लागतील तेवढे.

मी "टाका" म्हणाले.

भाऊ पिशवी घेऊन दारात उभा होता. बूट घातले होते. मी त्याला दोन्ही कागद दाखवले, 'यापुढे' या शब्दावर बोट ठेवलं, अर्जाचं सांगितलं. त्यानं कागदाकडे बघितलंच नाही.

"वकील जा म्हणतो. पोलीस आले न्हाईत. कोर्टानं सोडलेलं. मग मला आता धरून कोण ठेवून राहिलं, बाई?"

मला त्याचं उत्तर द्यायचं होतं. हे तुझ्यासाठीच आहे, असं म्हणायचं होतं, पण त्याच्यावाचून हळदीत राबणारी म्हातारी माझीही आई होती, आणि 'तुझ्यासाठी' म्हणून मी आधीही त्याला कॅनॉलच्या रस्त्यानं पाठवलं होतं. यावेळी तरी माझं बरोबर आहे की नाही, ते मला खरोखर कळत नव्हतं. अजूनही तसं कळलेलं नाही.

मी म्हणाले, "कागद येऊ दे."

तो बराच वेळ दारातच उभा राहिला. मी बाजूला झाले नाही. मग त्यानं पिशवी खाली ठेवली, उंबऱ्यावर बसला आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागला.